बोटुकलीचा पहिला हिवाळा

महसीर हा मासा वाचवण्याच्या कामाचा हिशेब आजवर बोटुकल्यांच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, आकड्यांत मांडला गेला आहे. किती अंडी फलित झाली, किती उबली, किती बोटुकल्या कोणत्या तलावात सोडल्या, हेच त्याचे रकाने. मावळात, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमारास या माशाची पैदास हाती घेतली. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी चढून येणारे पक्व नर-मादी पकडायचे, मादीचे पोट हलके दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायची, ही पद्धत सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी इथे बसवली. ओल्या कापसात गुंडाळून फलित अंडी दूरच्या राज्यांत पाठवता येतात, हेही इथेच सिद्ध झाले. अर्ध्या शतकाची ही चिकाटी आदरास पात्र आहे. तरीही माझे म्हणणे असे, की या हिशेबात एक मोठा रकाना रिकामा राहिला आहे. तळहातावर मावणाऱ्या त्या बोटुकलीच्या अंगात रोगाशी लढण्याचे शिक्षण किती झाले आहे आणि ज्या पाण्यात ती जाणार ते पाणी त्या शिक्षणाला साथ देणारे आहे का, हे पाहिल्याशिवाय नुसती संख्या फार थोडे सांगते. त्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी आहेत मदतनीस टी-पेशी.

संख्या कशी फसवते याचे उदाहरण याच माशाच्या इतिहासात आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. ‘टॉर खुद्री’ हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव; आपल्याकडे खडस म्हणतात तोच. पुढे सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे झाली. वळवण, लोणावळा, शिरोता, ठोकरवाडी या तलावांचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली खोपोली-भिवपुरीला उतरू लागले, आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या इंद्रायणी-आंद्रेच्या वाट्याचे पाणी कमी झाले. महसीर आटला. लोणावळ्याच्या केंद्राने तो पुन्हा वाढवला, आणि एके काळी धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीतला हा मासा आज ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. पण याच केंद्राचे बीज कर्नाटकात कावेरीतही सोडले गेले. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या नोंदींत तिथे महसीरची संख्या वाढत राहिली. वाढत होता तो मात्र दख्खनी महसीर. कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महसीर त्याच काळात नाहीसा होत चालला होता. २०१५ मध्ये पिंडर आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या तेव्हा ही गोष्ट उघड झाली, आणि २०१८ मध्ये त्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. आकडा वर जात होता आणि त्याच आकड्याच्या आड एक जात बुडत होती. आकड्याच्या आत काय आहे ते पाहायला हवे, हे निदान त्या अनुभवानंतर तरी मान्य व्हावे.

मदतनीस पेशी म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळ्या वाटेने माहीत आहे. मावळच्या शेजारीच, भोसरीला, १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था काम करत आली. एचआयव्हीच्या रुग्णाचा ‘सीडी-४ काउंट’ घसरला की साधे जंतूही जिवावर उठतात, हे त्या काळात घरोघरी कळले. सीडी-४ ही ज्यांच्या अंगावरची खूण, त्याच मदतनीस टी-पेशी. त्या स्वतः जंतूला सहसा मारत नाहीत. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींना परवानगी देणे, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवणे, लढाई कोणत्या पद्धतीने लढायची ते ठरवणे आणि संकट टळल्यावर तिची आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे ठेवणे हे त्यांचे काम. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसे हे आहे: जंतूचा तुकडा ओळखणे ही बी-पेशीची किल्ली, आणि त्याच जंतूचा तुकडा आपल्यालाही शत्रूचा वाटतो असे मदतनीस पेशीने सांगणे ही दुसरी. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत दुसऱ्या किल्लीशिवाय चांगली, नेमकी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही खबरदारी आहे.

माशांमध्ये ही व्यवस्था आहे का, याबद्दल बराच काळ संशय होता, आणि तो निराधार नव्हता. माशाच्या हाडांत रक्तपेशी घडवणारी मज्जा नाही, त्याला लसिकाग्रंथी नाहीत. त्याच्या रक्तपेशी घडतात मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, आणि टी-पेशींची शाळा असलेले थायमस कल्ल्यांच्या पोकळीत, झाकणाच्या आतल्या अंगाला, पाण्यापासून अगदी थोड्या पेशींच्या अंतरावर असते. सस्तन प्राण्यांत प्रतिपिंडे हळूहळू अधिक नेमकी होत जातात तशी माशांत फारशी होत नाहीत, हेही खरे. पण २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना फुगू माशात सीडी-४चे जनुक सापडले आणि मग एकामागून एक पुरावे जमत गेले. मला त्यांतला सर्वांत निर्णायक वाटतो तो जपानच्याच गिनबुना या कार्पच्या जवळच्या नातेवाइकावरचा प्रयोग. या माशाच्या माद्या नराच्या जनुकांशिवाय हुबेहूब आपल्यासारखी पिल्ले घालतात, त्यामुळे एकीच्या पेशी दुसरीच्या अंगात घातल्या तरी शरीर त्या नाकारत नाही. विषाणूची ओळख झालेल्या मादीच्या सीडी-४ पेशी काढून त्या विषाणूशी कधीच गाठ न पडलेल्या मादीत घातल्या, तेव्हा त्या दुसरीत नेमकी प्रतिपिंडे अधिक वेगाने आणि अधिक प्रमाणात झाली. मदत करणारी पेशी कोणती, हे यापेक्षा सरळ सिद्ध करता येत नाही. २०२३ मध्ये ट्राउटच्या प्लीहेत बी-पेशी आणि सीडी-४ पेशी एकत्र जमून वाढत असल्याचे पुंजके दाखवले गेले, म्हणजे लसिकाग्रंथी नसतानाही त्या कामाची जागा माशाने राखून ठेवली आहे. गिनबुना आणि आपला महसीर हे दोघेही कार्पच्या गणातले. अमेरिकन ट्राउटपेक्षा हा पुरावा मावळच्या तलावांना अधिक जवळचा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मासा थंड रक्ताचा. पाण्याचे तापमान तेच त्याच्या पेशींचे. मग थंडी पडली की त्याची प्रतिकारशक्ती सरसकट मंदावते का? अमेरिकेत मिसिसिपीच्या विल्यम क्लेम, नॉर्मन मिलर आणि सहकाऱ्यांनी चॅनल कॅटफिशवर हा प्रश्न नीट फोडून पाहिला. १९८४ मध्ये त्यांनी कॅटफिशच्या पेशी काचेच्या भांड्यात ठेवून दोन प्रकारची द्रव्ये दिली. एकाला उत्तर द्यायला मदतनीस पेशी लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत. उबदार तापमानात दोन्हींना प्रतिपिंडे तयार झाली. तापमान उतरवले तेव्हा मदतनीस पेशींवर अवलंबून असलेले उत्तर बंद पडले, स्वतंत्र उत्तर मात्र चालू राहिले. म्हणजे थंडीत सगळे यंत्र थांबत नाही. त्यातला एक विशिष्ट भाग थांबतो, आणि तो आहे नव्या शत्रूविरुद्ध लढाई सुरू करण्याची परवानगी देणारा. कारणही त्यांनी शोधले. थंडीत पेशीचे पातळ आवरण घट्ट होते, आणि त्यातल्या स्निग्धांशाची जात योग्य नसेल तर टी-पेशीला बाहेरची खूण आत पोचवता येत नाही. ओलेइक आम्ल दिल्यावर थंडीतल्या पेशी पुन्हा काम करू लागल्या. तापमान सावकाश उतरले तर मासा हा स्निग्धांश हळूहळू बदलून जुळवून घेतो. चोवीस तासांत सुमारे २३ अंशांवरून ११ अंशांवर आणले, तर मात्र टी-पेशींचे काम अनेक आठवडे कोलमडलेले राहते, बी-पेशींपेक्षा अधिक काळ. अशाच झटक्यानंतर हिवाळ्यात कॅटफिशच्या तळ्यांवर बुरशीसारख्या सॅप्रोलेग्नियाची साथ येते, हेही याच गटाने दाखवले.

हे मावळच्या पंचांगावर ठेवून पाहा. महसीर अंडी घालतो पावसाळ्यात, प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा लोणावळ्यात वर्षाच्या चार हजार मिलिमीटरहून अधिक पावसातला मोठा वाटा कोसळत असतो. अंडी तीन-चार दिवसांत उबतात, पिल्लू काही दिवस अंड्याच्या बलकावर निपचित पडून राहते आणि मग खाऊ लागते. कार्पसारख्या माशांत थायमस पहिल्या आठवड्यातच दिसू लागते, पण दिसणे आणि काम करणे यांत अंतर आहे. झेब्राफिशसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या माशालाही ही व्यवस्था पूर्ण कार्यक्षम व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. कार्पवरच्या जुन्या डच प्रयोगांत फार लहान वयात परके द्रव्य दिले असता मासा प्रतिकार शिकण्याऐवजी ते द्रव्य सहन करायला शिकला. महसीर सावकाश वाढणारा मासा. म्हणजे ऑगस्टच्या पिल्लाची टी-पेशींची शाळा सुरू होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि तिचा पहिला खरा उपयोग व्हायची वेळ येते नेमकी नोव्हेंबर ते जानेवारीत, मावळच्या थंडीत. लोणावळ्याच्या पठारावर डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात. खोल तलाव सावकाश थंड होतो, पण बोटुकल्या जिथे राहतात ते उथळ काठ आणि पैदास केंद्रांच्या टाक्या पटकन गार होतात. पावसाळ्याच्या अखेरीस किंवा थंडीच्या तोंडाशी उबदार टाकीतून थंड तलावात सोडलेली बोटुकली एकाच वेळी तीन गोष्टी सोसते: अर्धवट शिक्षण, तापमानाचा झटका, आणि टाकीत कधीच न भेटलेले जंतू. सोडल्याचा आकडा त्या दिवशी लिहिला जातो. पुढच्या सहा आठवड्यांत काय होते ते पाण्याखाली राहते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मावळचे पाणी काही ११ अंशांवर जात नाही. मिसिसिपीचा नियम सह्याद्रीला लावू नये. तो नियम आकड्याचा असता तर आक्षेप बरोबर ठरला असता. नियम आहे तो माशाच्या नेहमीच्या तापमानापासून किती खाली आणि किती वेगाने उतरलो याचा. उष्ण पाण्याच्या माशाची उंबरठ्याची रेघ वरच असते. आपल्याकडचा पुरावा एका रोगाने दिला आहे. अंगावर खोल लाल जखमा पाडणारा अफॅनोमायसीस इन्व्हॅडन्सचा साथरोग १९७१ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदला गेला आणि आग्नेय आशिया, बांगलादेश असा सरकत १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरून पुढे देशभर पसरला. भारतात तो मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उफाळतो, पाणी साधारण १८ ते २२ अंशांवर आले की. हा जीव सॅप्रोलेग्नियाचाच भाऊबंद आहे. साधा कार्प त्याला दाद देत नाही, कारण त्याच्या भक्षक पेशी जखमेतल्या तंतूंना वेढून कोंडून टाकतात. भक्षक पेशींना असे चेतवण्यात मदतनीस पेशींच्या इंटरफेरॉन-गॅमासारख्या संदेशांचा वाटा असतो. हा रोग केवळ थंडीमुळे होतो असे मी म्हणत नाही. पावसाळ्यानंतर पाण्याचा बदललेला आम्लपणा आणि आधीच्या जखमाही त्याला वाट देतात. पण १८ ते २२ अंश हे मावळच्या हिवाळ्यातल्या उथळ पाण्याला परके तापमान नाही, एवढे इथे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो जीवशास्त्रानेच दिला आहे. अटलांटिक कॉड या माशाला मदतनीस पेशींची व्यवस्थाच नाही. २०११ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा सीडी-४चे जनुक निकामी झालेले दिसले, आणि जंतूचा तुकडा मदतनीस पेशीला दाखवणारे एमएचसी दुसऱ्या वर्गाचे रेणू सापडलेच नाहीत. तरी कॉड शतकानुशतके उत्तर अटलांटिकच्या मच्छीमारांचे पोट भरत आला. खोल समुद्रातल्या काही अँग्लर माशांत नर मादीच्या शरीराला कायमचा चिकटतो, दोघांच्या ऊती एक होतात. त्यांनीही या व्यवस्थेचे महत्त्वाचे भाग सोडून दिले आहेत. मग महसीरच्या मदतनीस पेशींसाठी एवढी चिंता कशाला? माझे उत्तर असे: कॉडने ही व्यवस्था गमावली ती सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजात, आणि त्यानंतर एमएचसी पहिल्या वर्गाच्या जनुकांच्या कितीतरी प्रती वाढवून, जन्मजात प्रतिकाराचे ओळखरेणू बदलून त्याने दुसरा संसार उभा केला. अँग्लरने तर दुसऱ्याचे शरीर स्वीकारण्यासाठी ही किंमत मोजली. पर्याय उभा करायला भूवैज्ञानिक काळ मिळाला म्हणून ते तगले. महसीरकडे तो पर्याय नाही; त्याचा सारा बंदोबस्त मदतनीस पेशी धरूनच रचलेला आहे, आणि थंडीच्या सहा आठवड्यांत कोणी नवा बंदोबस्त रचत नाही. जन्मजात प्रतिकार थंडीत बराच टिकतो हेही मला मान्य आहे. जुन्या, अनेक हिवाळे पाहिलेल्या माशाला तो आणि पूर्वीची आठवण मिळून पुरते. बोटुकलीकडे आठवण नसते.

इथून प्रश्न जनुकांकडे वळतो, आणि इथे पैदास केंद्राची जबाबदारी नदीपेक्षा मोठी आहे. मदतनीस पेशीला काय दिसेल हे एमएचसी दुसऱ्या वर्गाच्या रेणूवर ठरते, आणि प्रत्येक माशात या रेणूचे थोडे वेगळे प्रकार असतात. एखादा जंतू काही माशांना मारतो आणि काही वाचतात, यामागे बरेचदा हा फरक असतो. सामन माशांत फ्युरंक्युलोसिस या जीवाणूजन्य रोगाबाबत, आणि कार्पमध्ये कोई हर्पिस विषाणूबाबत, कोणता एमएचसी प्रकार असलेले मासे अधिक तगतात हे दाखवले गेले आहे. थोड्याच मोठ्या माद्यांची भरपूर अंडी वर्षानुवर्षे वापरली, तर लाखो बोटुकल्या मिळतात आणि त्या सगळ्या जंतूकडे जवळजवळ एकाच नजरेने पाहतात. महसीरमध्ये १०० गुणसूत्रे आहेत, रोहूच्या दुप्पट. जनुकांच्या या जादा प्रतींमुळे त्याच्यात वैविध्य आपोआप सांभाळले जाईल अशी आशा कोणाला वाटेल. पण प्रती जास्त असणे म्हणजे प्रकार जास्त असणे नव्हे. एकाच घराण्याच्या माशांत दुप्पट प्रतीही सारख्याच असतात. म्हणून दर पावसाळ्यात वळवणखेरीज शिरोता, ठोकरवाडी आणि खालच्या इंद्रायणीतले वेगवेगळे प्रजननक्षम मासे फिरवून वापरणे, आणि त्यांच्या परांचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवणे, हे मला बोटुकल्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते.

तिसरा आक्षेप नदीकाठच्या माणसाचा असेल, आणि त्याला सर्वांत जास्त हक्क आहे. इंद्रायणीत पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी येते, आळंदीत पात्रावर फेस तरंगतो. तिथे मासा गुदमरून मरतो, मग पेशींच्या गोष्टी कशाला? गुदमरणे थांबवायलाच हवे, त्यात वाद नाही. पण गुदमरण्याआधी पाण्यातला प्राणवायू कमी-कमी होत असताना बराच काळ मासा जिवंत आणि ताणाखाली असतो, आणि माशाच्या शरीररचनेत ताण व प्रतिकार शेजारी राहतात. रक्तपेशी घडवणाऱ्या त्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातच कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या पेशीही असतात. ताणाचे संप्रेरक जिथे स्रवते तिथेच लढणाऱ्या पेशी वाढतात, आणि दीर्घकाळचे कॉर्टिसॉल लसिकापेशींना दडपते. प्रदूषण पुरते मारत नाही तेव्हाही ते रोगाला दार उघडून देते. शिवाय डोहांचे मोल इथे वेगळ्या अर्थाने कळते. देहू-आळंदीच्या डोहांत वारकऱ्यांच्या श्रद्धेने माशांना पिढ्यान्‌पिढ्या अभय मिळाले. डोह म्हणजे एकाच ठिकाणी खोल थंड पाणी आणि उन्हाने तापलेला उथळ काठ. २०१७ मध्ये कार्पवर झालेल्या प्रयोगात हर्पिस विषाणू लागलेले मासे आपणहून अधिक उबदार पाण्यात गेले आणि त्यामुळे वाचले. विषाणूकडे मात्र हे स्थलांतर लांबवणारे एक प्रथिन निघाले. मासा ताप आणतो तो असा, जागा बदलून. एकसारख्या तापमानाच्या सिमेंटच्या टाकीत किंवा उन्हाळ्यात उरलेल्या एकसारख्या उथळ डबक्यात त्याला हा उपाय करता येत नाही. नदीत प्रवाह आणि खोली राखणे हा म्हणूनच रोगप्रतिबंधाचाही भाग आहे.

लस देऊन हे सारे टाळता येणार नाही का, असे विचारले जाते. नॉर्वेने सामन माशांच्या बाबतीत ते करून दाखवले: १९८७ मध्ये तिथे मत्स्यशेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली जात होती, आणि तेलमिश्रित लशी आल्यावर काही वर्षांत ती एका-दोन टनांवर आली, उत्पादन वाढत असताना. माशांना लस देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. कॅनडात डफ यांनी १९४२ मध्ये ट्राउटला खाद्यातून मेलेले जीवाणू देऊन ती सिद्ध केली होती. पण लस चालते ती याच मदतनीस पेशींच्या खांद्यावर. फार लहान वयात किंवा थंड पाण्यात दिलेली लस वाया जाते, कधी उलटही फिरते. लस हवी असेल तरी आधी वय आणि तापमान यांचा रकाना भरावाच लागतो.

त्याचा खर्च फार नाही. वळवण आणि शिरोताच्या काठांवर वर्षभर तापमान नोंदणारी साधी यंत्रे बसवता येतात. एका हंगामाच्या बोटुकल्यांचे दोन भाग करून, एका भागाचा एक पर किंचित छाटून तो नोव्हेंबरमध्ये सोडावा, दुसऱ्याचा वेगळा पर छाटून तो टाकीत विरळ ठेवून, सावकाश तलावाच्या तापमानाला आणून, थंडी ओसरल्यावर मार्चमध्ये सोडावा. टाकीत चार महिने अधिक ठेवण्याने गर्दीचे रोग वाढतील आणि खाद्याचा खर्च चढेल, ही काळजी खरी आहे. म्हणून दुसऱ्या भागात मासे कमी ठेवावे लागतील आणि त्या वर्षीचा सोडल्याचा आकडा घटलेला दिसेल. हे तलाव कंपनीच्या ताब्यात आहेत, कोणी काय पकडले याची नोंद इथे ठेवता येते. तेव्हा पुढच्या दोन पावसाळ्यांत जाळ्यात येणाऱ्या माशांपैकी कोणता पर छाटलेले मासे किती, एवढे मोजले की नोव्हेंबर आणि मार्च यांतला वाद वळवणच्या पाण्यातच मिटेल.